राजघराण्यांची गुंतागुंत आणि 'ग्रॅम्प्स': वंशावळीच्या एका मोफत प्रणालीचं परीक्षण

वंशावळीची संगणकप्रणाली चांगली की वाईट हे ठरवायचं असेल तर तिच्यात आधी एक लग्न भरून पाहावं. तारीख १९ एप्रिल १८९४, गाव जर्मनीतलं कोबुर्ग. वर हेस्सेचा ग्रँड ड्यूक एर्न्स्ट लुडविग, वधू व्हिक्टोरिया मेलिता. वराची आई ॲलिस आणि वधूचे वडील आल्फ्रेड ही दोघं राणी व्हिक्टोरियाची मुलं, म्हणजे वराने सख्ख्या मामाची मुलगी केली. वधूची आई मारिया ही रशियाच्या तिसऱ्या अलेक्झांडर झारची बहीण. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याच गावात वराची धाकटी बहीण ॲलिक्स आणि रशियाचा युवराज निकोलस यांचं लग्न ठरलं. वधूच्या बाजूने पाहिलं तर तिच्या मामेभावाचं तिच्या नणंदेशी जमलं, आणि ही नणंद तिची आतेबहीणही होती. वधूचा स्वतःचा संसार १९०१ मध्ये घटस्फोटाने मोडला. १९०५ मध्ये तिने किरिलशी लग्न केलं. तोही तिचा मामेभाऊच, दुसऱ्या मामाचा मुलगा.

भावंडांच्या मुलांमधलं लग्न, दोन पंचांगं, घटस्फोट, पुनर्विवाह, धर्मांतराने बदललेलं नाव, एकाच माणसाशी तीन बाजूंनी लागणारं नातं, हे सगळं या एका प्रसंगात येतं. साध्या घरगुती वंशावळीसाठी बनवलेल्या कित्येक प्रणाली इथेच अडखळतात. 'ग्रॅम्प्स' बहुतेक ठिकाणी टिकते. दोन-तीन ठिकाणी कमी पडते, आणि त्यातली एक उणीव मराठी माणसाला चटकन भरून काढता येते.

ग्रॅम्प्स मुक्त स्रोत आहे, २००१ पासून तिचा विकास चालू आहे, आणि ती विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालते. वर्गणी नाही, नोंदणी नाही, माहिती आपल्याच संगणकावर राहते. फोनसाठी वेगळं ॲप नाही. ब्राउझरमधून चालणारी 'ग्रॅम्प्स वेब' आहे, पण तिच्यासाठी सर्व्हर लागतो आणि एकट्या अभ्यासकाला त्याची गरज नसते. मांडणी पहिल्या दिवशी रुक्ष वाटते. व्यक्ती, कुटुंब, घटना, ठिकाण, स्रोत हे सगळे वेगवेगळे कप्पे. व्यक्तीच्या पानावर सगळं एकत्र लिहून मोकळं होता येत नाही. हा रुक्षपणा सोसावा. राजघराण्यांच्या बाबतीत तोच उपयोगी पडतो, कारण कुटुंब ही स्वतंत्र नोंद असल्यामुळे एक माणूस कितीही लग्नांत, कितीही बाजूंनी, एकदाच नोंदवून बसवता येतो.

किती माणसं भरायची?

उत्साहाच्या भरात लोक आठव्या शतकापर्यंत मागे जातात. एकोणिसावं शतक समजून घ्यायला दोन जोडपी पुरतात: व्हिक्टोरिया-अल्बर्ट, आणि डेन्मार्कचा नववा ख्रिस्तियान व त्याची राणी लुईझ. पहिल्यांना ९ मुलं आणि ४२ नातवंडं, दुसऱ्यांना ६ मुलं आणि ३९ नातवंडं. व्हिक्टोरियाचा मुलगा (पुढचा सातवा) एडवर्ड आणि ख्रिस्तियानची मुलगी अलेक्झांड्रा यांची ६ मुलं दोन्हीकडे मोजली जातात, म्हणून एकूण नातवंडं ७५. त्यांचे जोडीदार आणि जोडीदारांचे आईवडील धरले तरी हे काम दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी होण्यासारखं आहे.

व्हिक्टोरियाच्या नातवंडांचा आकडा काही ठिकाणी ४० दिसतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. आल्फ्रेडला १८७९ मध्ये आणि हेलेनाला १८७७ मध्ये झालेली मुलं मृत जन्मली. ती धरली तर ४२, सोडली तर ४०. ती नोंदवावीत. नाव रिकामं ठेवून, जन्म आणि मृत्यूला एकच तारीख देऊन, एक टीप जोडली की पुढे मोजणी जुळते.

तारखा

इथे ग्रॅम्प्सला पैकीच्या पैकी गुण. तारखेच्या चौकटीत पंचांग निवडता येतं: ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, फ्रेंच प्रजासत्ताकाचं, इस्लामी वगैरे. ज्युलियन निवडलं की तारीख मूळ रूपातच साठवली जाते, पण क्रम लावताना प्रणाली आतल्या आत रूपांतर करते. याचं मोल कोबुर्गच्या उदाहरणात कळतं. निकोलस आणि ॲलिक्स यांचं लग्न ठरल्याची रशियन, म्हणजे ज्युलियन, तारीख ८ एप्रिल १८९४. ती पंचांग न बदलता तशीच टाकली तर एर्न्स्ट लुडविगच्या लग्नाच्या अकरा दिवस आधीच हे ठरलं असं दिसतं, आणि मग निकोलस कोबुर्गला गेला कशासाठी याचा मेळच लागत नाही. ज्युलियन म्हणून टाकली की ती २० एप्रिलला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नेमकी येऊन बसते.

एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत १२ दिवसांचा फरक होता. १९०० साली ज्युलियनमध्ये २९ फेब्रुवारी होती आणि ग्रेगोरियनमध्ये नव्हती, म्हणून त्यानंतर फरक १३ दिवसांचा झाला. त्यामुळे निकोलसचा जन्म ६ मे १८६८ म्हणजे १८ मे. पण त्याचा मुलगा अलेक्सेई याचा जन्म ३० जुलै १९०४ म्हणजे १२ ऑगस्ट. हाताने बेरीज करणारे इथे हमखास एक दिवस चुकतात, म्हणून रूपांतर प्रणालीवर सोडावं.

पंचांग माणसाच्या देशावरून ठरवू नका. नोंद जिथे झाली त्या ठिकाणावरून ठरवा. ग्रीसमध्येही १९२३ पर्यंत ज्युलियन चालत होतं. ख्रिस्तियानचा नातू कॉन्स्टंटाइन आणि व्हिक्टोरियाची नात सोफी यांचं लग्न अथेन्समध्ये झालं, म्हणून तिथल्या कागदावर १५ ऑक्टोबर १८८९ आणि बर्लिनच्या कागदावर २७ ऑक्टोबर. उलट आल्फ्रेडची मुलगी मारी रुमानियाच्या युवराजाला दिली, पण लग्न जर्मनीत सिग्मारिंगेनला लागलं. त्याची १० जानेवारी १८९३ ही तारीख सरळ ग्रेगोरियन आहे. स्रोतात पंचांगाचा उल्लेखच नसेल तर तारखेला 'अंदाजे' अशी खूण लावायची सोय आहे. ती वापरावी. चुकीची नेमकी तारीख ही प्रामाणिक अंदाजापेक्षा जास्त नुकसान करते.

नावं

मधलं एक नाव आणि आडनाव या साच्यात राजघराणी बसत नाहीत. ख्रिस्तियानची मुलगी दागमार रशियाच्या राजघराण्यात गेली आणि १८६६ मध्ये मारिया फ्योदोरोव्हना झाली. तिचा भाऊ विल्हेल्म १८६३ मध्ये ग्रीसचा पहिला जॉर्ज झाला. ब्रिटिश राजघराण्याने १७ जुलै १९१७ रोजी जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं, त्याच वर्षी बॅटेनबर्गचे माउंटबॅटन झाले. ग्रॅम्प्समध्ये एका व्यक्तीला हवी तितकी पर्यायी नावं देता येतात आणि प्रत्येक नावाला तारीख जोडता येते. मुख्य नाव जन्माच्या वेळचं ठेवावं आणि पुढची सगळी नावं पर्यायी म्हणून तारखेसह द्यावीत. उलट केलं तर रशियन दरबारात एकामागून एक आलेल्या फ्योदोरोव्हना एकमेकींत मिसळतात, आणि डेन्मार्कच्या दागमारपासून हेस्सेच्या एला व ॲलिक्सपर्यंत कोण कुठली हे कळेनासं होतं. घरातली नावं, विकी (व्हिक्टोरियाची थोरली मुलगी), बर्टी (एडवर्ड), एला (ॲलिक्सची बहीण), टोपणनावाच्या रकान्यात जरूर भरा. व्हिक्टोरियाच्या वंशात इतक्या व्हिक्टोरिया आणि इतके अल्बर्ट आहेत की पत्रं वाचताना याच नावांनी माणूस सापडतो.

आडनावाचा रकाना रिकामा राहिला की यादीत सगळे 'आडनाव नाही' या एकाच गठ्ठ्यात पडतात. उपाय नावाच्या खिडकीतच आहे: 'या नावाखाली गट करा' अशा अर्थाचा रकाना. तिथे हेस्से, कोबुर्ग, ग्लुक्सबुर्ग असं घराणं लिहावं. राजाचा क्रमांक प्रत्ययाच्या रकान्यात. पदवी मात्र नावात कोंबू नये. तिच्यासाठी 'नोबिलिटी टायटल' ही घटना आहे आणि तिला पासून-पर्यंत तारखा देता येतात. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ राणी, आणि १ जानेवारी १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि वेगळ्याच दिसायला हव्यात. हुद्द्यांचंही तसंच: व्हिक्टोरियाचा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. व्यवसायाची घटना, तारीख आणि ठिकाण एवढं भरलं की तो या काळात कुठे होता हे नकाशावरही दिसतं.

देवनागरीत नावं भरता येतात, शोधताही येतात. तरीही मुख्य नाव मूळ रोमन लिपीत आणि देवनागरी नाव पर्यायी, हीच मांडणी बरी. बाजूच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) पर्यायी नावंही शोधली जातात, त्यामुळे 'दागमार' लिहून ती सापडते. दुसरं कारण असं की दुहेरी नोंदी शोधण्याचं साधन उच्चारसाम्यासाठी साउंडेक्स वापरतं आणि ते रोमन अक्षरांसाठी बनलेलं आहे. आलेखात अक्षरांच्या जागी चौकोन आले तर पर्यायांत 'फ्रीसॅन्स' हा फॉन्ट निवडावा आणि तो संगणकावर बसवलेला असल्याची खात्री करावी.

सगळ्यांत महागात पडणारी चूक

कुटुंबाच्या खिडकीत वर-वधू जोडायला दोन बटणं आहेत. एक नवी व्यक्ती तयार करतं, दुसरं आधी भरलेली व्यक्ती निवडतं. सवयीने पहिलंच दाबलं जातं. सामान्य कुटुंबात ते चालतं, कारण सून बाहेरून येते. इथे सून घरातलीच असते. विकीचा मुलगा हाइनरिश आणि ॲलिसची मुलगी इरेन यांचं लग्न २४ मे १८८८ रोजी झालं. हाइनरिशच्या कुटुंबात इरेन नव्याने भरली तर एक इरेन ॲलिसची मुलगी राहते आणि दुसरी कुणाचीच नसलेली बायको. आलेख देखणा दिसतो, पण दोघं मावसभावंडं असल्याची रेघच उमटत नाही. मग त्यांच्या तीनपैकी दोन मुलांना रक्त न गोठण्याचा विकार का झाला, हेही वंशावळीतून दिसत नाही. हा विकार ॲलिसकडून इरेनकडे आणि तिच्याकडून मुलांकडे आला होता.

म्हणून प्रत्येक जोडीदार भरण्याआधी यादीत शोधावा. साधारण पन्नास माणसं झाली की दुहेरी नोंदी शोधण्याचं साधन एकदा चालवावं, आधी मध्यम काटेकोरपणावर, मग कमी. ते ज्या जोड्या दाखवतं त्या सगळ्याच दुहेरी नसतात. दोन वेगळ्या व्हिक्टोरिया एक केल्या तर त्या पुन्हा वेगळ्या करणं फार कटकटीचं आहे. विलीन करण्याआधी जन्मतारीख आणि आई ताडून पाहा.

नातं सांगण्याचं यंत्र

साधनांच्या यादीतला नातेगणक हा ग्रॅम्प्सचा सर्वोत्तम भाग आहे, आणि तिची मोठी उणीवही तिथेच आहे.

आधी बळ. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे कैसर विल्हेल्म, झार निकोलस आणि पंचम जॉर्ज हे तिघे एकमेकांचे 'कझिन' होते असं जिथेतिथे छापलेलं असतं. नातेगणकात विल्हेल्म आणि निकोलस यांना समोरासमोर ठेवा. दोन नाती बाहेर येतात. रशियाचा पहिला पॉल दोघांचाही खापरपणजोबा: निकोलसचा पित्याच्या सरळ वंशाने, विल्हेल्मचा आजी आउगुस्टाच्या आईकडून. आणि प्रशियाचा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म हा विल्हेल्मचा पणजोबा, तर निकोलसचा खापरपणजोबा, कारण त्याची मुलगी शार्लोट पहिल्या निकोलसला दिली होती. म्हणजे रक्ताचं नातं आहे, पण लांबचं. व्हिक्टोरिया आणि ख्रिस्तियान यांच्यामार्फत या दोघांत रक्ताचं नातं मुळीच नाही. जवळीक आहे ती निकोलसची बायको ॲलिक्स ही विल्हेल्मची मावसबहीण असल्यामुळे. ही गोष्ट वाचून लक्षात राहत नाही, गणक समोर मांडतो तेव्हा कायमची बसते. अर्थात त्यासाठी पॉल आणि फ्रीडरिश विल्हेल्म यांच्यापर्यंतच्या दोन ओळी वर भरलेल्या हव्यात. खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत मुख्य व्यक्तीशी असलेलं एकच, सर्वांत जवळचं नातं दिसतं. सगळी नाती हवी असतील तर गणकच उघडावा लागतो. लग्नामुळे जुळलेली नाती शोधायची तर 'डीप कनेक्शन्स' नावाची जोड-चकती, म्हणजे वरून जोडायचं छोटं साधन, बसवावी. ती सावकाश चालते, पण पोचते.

आता उणीव. गणक जॉर्ज-निकोलस, जॉर्ज-विल्हेल्म, हाइनरिश-इरेन, एर्न्स्ट लुडविग-व्हिक्टोरिया मेलिता या चारही जोड्यांना एकच उत्तर देतो: 'फर्स्ट कझिन'. मराठीत ही तीन वेगळी नाती आहेत. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई दागमार सख्ख्या बहिणी, म्हणून ते मावसभाऊ. विल्हेल्मची आई विकी ही जॉर्जच्या वडिलांची बहीण, म्हणून विल्हेल्म जॉर्जचा आतेभाऊ आणि जॉर्ज विल्हेल्मचा मामेभाऊ. हाइनरिश-इरेन मावसभावंडं. हा फरक शब्दांपुरता नाही. गादी बापाकडून येते, माहेरची ओढ आईकडून. विल्हेल्मशी जॉर्जचं नातं वडिलांच्या बाजूचं, निकोलसशी आईच्या बाजूचं. आणि अलेक्झांड्राच्या मनात १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा प्रांत घेणाऱ्या प्रशियाविषयी आयुष्यभर अढी होती. मावसभाऊ आणि आतेभाऊ हे शब्द लिहिताक्षणी त्या घरातल्या दोन बाजू वेगळ्या होतात. 'कझिन'मध्ये त्या एकात एक मिसळतात.

उपाय सोपा आहे. गणक सामाईक पूर्वज कोण ते सांगतो. त्या पूर्वजाची जी दोन मुलं या दोघांचे पालक, त्यांच्याकडे पाहा: दोघी बहिणी तर मावस, दोघे भाऊ तर चुलत, बहीण-भाऊ तर आते-मामे. हे नातं कुटुंबाच्या नोंदीत 'नातं' असा स्वतःचा गुणधर्म तयार करून लिहावं. कुटुंबांच्या यादीला गुणधर्मावरून गाळणी लावता येते, आणि मग जे चित्र दिसतं ते मराठी वाचकाला विशेष बोलकं आहे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करत नाहीत, आणि मावशीची मुलगी म्हणजे बहीणच. या घराण्यांत तसा दिशेचा नियम नव्हता. अल्बर्टने आत्याची मुलगी केली: व्हिक्टोरियाची आई ही त्याच्या वडिलांची बहीण. नॉर्वेचा राजा झालेला कार्ल यानेही २२ जुलै १८९६ रोजी आत्याचीच मुलगी मॉड केली. एर्न्स्ट लुडविगने मामाची, हाइनरिशने मावशीची. दिशा पाहणारं कुणी नव्हतं, पण जवळीक पाहणारं होतं: ऑर्थोडॉक्स चर्चला भावाबहिणीच्या मुलांमधलं लग्नच मान्य नव्हतं, आणि म्हणून किरिलच्या १९०५ च्या लग्नावरून रशियन दरबारात वादळ उठलं.

गणकाची सर्वांत कठीण परीक्षा घ्यायची असेल तर नववा ख्रिस्तियान आणि लुईझ हे जोडपं भरा. ख्रिस्तियानची आई आणि लुईझचे वडील ही हेस्से-कासेलच्या दोन सख्ख्या भावांची मुलं. याशिवाय डेन्मार्कचा पाचवा फ्रेडरिक दोघांचाही पणजोबा, पण त्याच्या दोन वेगळ्या राण्यांपासून. त्यामुळे पहिलं नातं पूर्ण आणि दुसरं सावत्र. हा फरक गणकाला कळावा यासाठी फ्रेडरिकची दोन लग्नं दोन स्वतंत्र कुटुंब-नोंदी म्हणून हवीत आणि मुलं योग्य आईखाली हवीत. मुलं नुसती बापाखाली टांगली तर सावत्रपणा नाहीसा होतो.

लग्न, पण बरोबरीचं नाही

मॉर्गनॅटिक विवाहात लग्न धर्माने आणि कायद्याने पूर्ण वैध असतं. फक्त बायकोला आणि मुलांना नवऱ्याचा दर्जा व वारसा मिळत नाही. हेस्सेचा अलेक्झांडर आणि युलिया हाउके यांचं १८५१ चं लग्न असं होतं, आणि बॅटेनबर्ग हे नाव तिथूनच निघालं. फ्रान्झ फर्डिनांड आणि सोफी खोटेक यांचं लग्न १ जुलै १९०० ला झालं, त्याच्या तीन दिवस आधी त्याला मुलांच्या वारसाहक्कावर शपथपूर्वक पाणी सोडावं लागलं. अनेकजण संबंधाच्या रकान्यात 'विवाहित' पुसून 'मॉर्गनॅटिक' लिहितात. ते करू नये. मग विवाहितांवर लावलेल्या गाळणीतून ही कुटुंबं गळतात. संबंध 'विवाहित'च ठेवावा आणि मॉर्गनॅटिक हा गुणधर्म जोडावा.

केंब्रिजचा ड्यूक जॉर्ज आणि नटी सारा फेअरब्रदर यांची गोष्ट निराळी. १८४७ मध्ये त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं, पण १७७२ च्या राजविवाह कायद्यानुसार राणीची संमती घेतली नाही. कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हतं. इथे मात्र संबंधाचा प्रकार वेगळा लिहिणं योग्य. दोन्ही प्रकार एकाच खुणेने दाखवणारी वंशावळ चुकीचं शिकवते.

मोडलेलं ठरलेलं लग्न हा आणखी एक पेच. दागमारचं आधी ज्याच्याशी ठरलं होतं तो रशियाचा युवराज १८६५ मध्ये वारला आणि तिचं लग्न त्याच्या धाकट्या भावाशी झालं. टेकच्या मेरीचं अगदी तसंच: अल्बर्ट व्हिक्टर जानेवारी १८९२ मध्ये गेला, ६ जुलै १८९३ ला तिने त्याचा भाऊ जॉर्ज याच्याशी लग्न केलं. 'वाङ्निश्चय' ही घटना कुटुंबाला लागते, म्हणून ती वापरायची तर न झालेल्या लग्नाचं कुटुंब तयार करावं लागतं आणि आलेखात नको तो चौकोन येतो. त्याऐवजी व्यक्तीच्या नोंदीत 'असोसिएशन' वापरा. हे नातं एकतर्फी साठवलं जातं, तेव्हा दोघांच्याही नोंदींत लिहायला विसरू नका.

ठिकाणांबद्दल एवढंच: गाव एकदाच भरा आणि ते कोणत्या राज्यात होतं ते तारखांसह जोडा. कोबुर्ग १८२६ ते १९१८ साक्स-कोबुर्ग-गोथा, १९२० पासून बव्हेरिया. घटनेच्या तारखेनुसार योग्य राज्य आपोआप दिसतं.

आलेख

पंख्याच्या आकाराचा पूर्वज-आलेख सुंदर दिसतो, पण त्यात एकच पूर्वज दोनदा येतो आणि ते चटकन ध्यानात येत नाही. सातव्या एडवर्डचा आलेख काढा. पूर्वजक्रमांक (स्वतः १, वडील २, आई ३, असे पुढे) ८ आणि १४ दोन्ही कोबुर्गचा फ्रान्झ, ९ आणि १५ दोन्ही त्याची बायको आउगुस्टा. आठ जागांवर माणसं सहाच. 'पूर्वजांची संख्या' हा अहवाल त्या पिढीत सहा माणसं दाखवतो, आणि सविस्तर पूर्वज-अहवालात दुहेरी पूर्वज गाळण्याचा पर्याय आहे.

भिंतीवर लावायचा असेल तर 'रिलेशनशिप ग्राफ' काढावा. त्यात प्रत्येक माणूस एकदाच येतो, म्हणून घरातल्या घरातल्या लग्नांची वेटोळी स्पष्ट दिसतात. गाळणी निवडताना मात्र फसायला होतं. फक्त 'व्हिक्टोरियाची वंशज-कुटुंबं' निवडली तर अलेक्झांड्रा सून म्हणून येते, पण दागमार तिची बहीण असल्याचं दिसत नाही. म्हणून स्वतःची गाळणी बनवा: एक नियम व्हिक्टोरियाच्या वंशज-कुटुंबांचा, दुसरा ख्रिस्तियानच्या, आणि 'किमान एक नियम लागू व्हावा' हा पर्याय. तारखांपैकी फक्त सालं ठेवा. छापायला पीडीएफ, आडवी चार आणि उभी दोन ए-४ पानं इथून सुरुवात करून वाढवत जा. पडद्यावर पाहायला एसव्हीजी चांगलं.

तयार फाइल घ्यावी का?

राजघराण्यांची सुमारे ३,००० व्यक्तींची एक जेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचं सर्वमान्य स्वरूप) १९९२ पासून फिरते आहे आणि ग्रॅम्प्स ती सहज उघडते. ती वेगळ्या वंशवृक्षात उघडावी, आपल्या कामात थेट ओतू नये. अशा फायलींत तारखांचं पंचांग आणि स्रोत यांची शिस्त नसते, आणि तीन हजार नोंदी तपासणं हे ७५ नातवंडं हाताने भरण्यापेक्षा जास्त काम आहे. पडताळणीसाठी ती शेजारी उघडी असू द्या.

ज्याला एका संध्याकाळी चित्र हवं आहे त्याने ग्रॅम्प्सच्या वाटेला जाऊ नये. ज्याला या घराण्यांची पत्रं, चरित्रं, तहनामे वाचायचे आहेत आणि प्रत्येक नावापाशी थांबून 'ही कुणाची कोण' असं विचारायचं आहे, त्याच्यासाठी मोफत किंवा विकत, याहून योग्य साधन सुचवणं कठीण आहे.

काम जपताना ग्रॅम्प्सच्याच एक्सएमएल स्वरूपात प्रत काढा. चित्रं जोडली असतील तर चित्रांसह गठ्ठा करणारं स्वरूप निवडा. जेडकॉममध्ये पाठवलं तर ठिकाणांची उतरंड आणि अनेकांनी वाटून घेतलेल्या घटना जशाच्या तशा जात नाहीत. दुसऱ्या कुणाला जेडकॉम द्यावीच लागली तर ती आधी रिकाम्या वंशवृक्षात उघडून कोबुर्गच्या त्या दोन तारखा आणि इरेनचे आईवडील जागेवर आहेत का ते पाहून मगच पाठवा.